दोन कप चहा

भोपाळ राजधानी झालं त्या वर्षी नागपूरहून बदलून आलेल्या शांतारामनं एका जहागीरदाराची लाल इटालियन मोटरसायकल घेतली. आज त्याच्या पायाला प्लास्टर होतं आणि बायकोला, नर्स सुमित्राला, रायसेनहून निरोप आला: एक बाई अडली आहे, मूल पोटात आडवं आहे. बस आता उद्याच होती. तिनं पदर खोचून गाडी काढली. “मैदानावर शिकणं वेगळं! पडलीस तर?” तो ओरडला. “उठेन.” पाचशे सीसीचं इंजिन तिसऱ्या किकला गरजलं. चौथ्या गिअरमध्ये काटा सत्तर मैलांवर गेला, हँडल थरथरलं, तरी तिनं वेग कमी केला नाही. अठ्ठावीस मैल पस्तीस मिनिटांत संपले. तिनं हात साबणानं धुतले, मग पोटावरून दाबत बाळ फिरवलं. ते जन्मून रडलं तेव्हा त्याच्या आजीनं डोळे पुसत विचारलं, “सिस्टरजी, ड्राइवर को भी चाय दे दूँ?” सुमित्रा हसली. “दोनों कप मुझे दीजिए.”