ढमी आता खोकत नाही

"नळी नको म्हणजे नको," ढमीची आई म्हणाली आणि रिकामी वाटी तिने टेबलावर आपटली, जणू कोर्टात पुरावाच मांडतेय.

गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्टबाई बाळंतपणाची रजा संपवून आजच कामावर आल्या होत्या. समोर आईच्या मांडीवर ढमी होती. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून अंग ताठ आणि जीभ आपल्याच तालात. तीन वर्षांची झाली, तरी एक घास गिळायचा म्हणजे लढाई. अंगावर नुसती हाडं, पण बापाने हौसेने नाव ठेवलं ढमी.

रजेआधी डॉक्टर बोलले होते, घासाघासाला असा ठसका लागत राहिला तर पोटात नळी घालून भरवावं लागेल. ते आईच्या काळजाला लागलं. पोर चालणार नाही, बोलणार नाही, हे तिने कधीच गिळलं होतं. पण जिभेवरची चवही काढून घ्यायची? तेवढं एकच सुख उरलं होतं कार्टीच्या नशिबात.

मग बाईंनी रजेवर जाण्याआधी शिकवलेलं सगळं तिने नेमाने केलं. गालांवरून बोटं फिरवली, ओठांभोवती बर्फ फिरवला. जबड्याला हाताचा आधार देऊन चमचा जिभेवर सपाट दाबून धरला. सासूबाई आधी कुरकुरल्या, "आमच्या वेळी पोरं काय क्लास लावून जेवत होती?" आणि दुसऱ्या दिवसापासून बर्फ त्याच कुटून देऊ लागल्या.

बाईंचा नियम साधा होता. ठसका लागला की थांबायचं. नाही लागला, तर पुढचा चमचा.

"आधी दर घासाला खोकायची," आई सांगत होती. "मग कधीमधी. आता महिना झाला, एकदा खोकली असेल तर शपथ! अख्खी वाटी संपवते. पाणीसुद्धा घटाघटा."

"पाणीसुद्धा?" बाईंनी विचारलं.

"हो ना! आणि जेवण झालं की बोलते. खोटं नाही सांगत. गळ्यातून गर्र, गर्र. सासूबाई म्हणतात मला हाक मारते, हे म्हणतात मला. रोज घरात त्यावरून भांडण."

आई हसली. खूप दिवसांनी हसत असावी, कारण हसता हसता तिचे डोळे भरले.

"बाकी तब्येत?"

"ठणठणीत. संध्याकाळी अंग जरा कोमट लागतं. दाढा येतायत."

बाईंनी ढमीच्या पाठीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग फोन उचलून एक्स-रेच्या खोलीत विचारलं, आत्ता जागा आहे का.

"गिळतानाचा एक्स-रे काढू. तुम्हीच भरवा, घरी भरवता तसंच."

"काढा की! डॉक्टरांच्या तोंडावर मारते तो," आई म्हणाली. नशीब एकदाचं फळफळलं, असं तिला वाटलं. जाताना तिने ढमीच्या केसांवरून कंगवा फिरवला. फोटो काढायचा होता ना.

खोलीत अंधार होता. पडद्यावर ढमीचा जबडा, मान, घसा, सगळं करडं दिसत होतं. बाईंनी बोटाने दाखवलं, "ही मागची वाट पोटाची, अन्नाची. ही पुढची श्वासाची, फुप्फुसात जाते. हिच्यात काही शिरलं, तर ठसका लागायला हवा. केळ्यात औषध मिसळलंय, ते पडद्यावर काळं दिसेल."

आईने जबड्याला आधार दिला. चमचा जिभेवर दाबला. ओठ मिटले, घसा हलला. किती सुंदर गिळलं पोरीने! दुसरा चमचा. तिसरा.

"बघितलंत?" आई पोरीच्या तोंडावरची नजर न काढता म्हणाली. "खोकला आहे का कुठे?"

बाईंनी आईच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला.

तेव्हा आईने पडद्याकडे पाहिलं. मागची वाट जवळजवळ कोरडी होती. पुढच्या वाटेने एक काळी रेघ सावकाश खाली उतरत होती, आणि तिच्या मांडीवर ढमी गर्र, गर्र करत बोलायला लागली होती.