देण्याघेण्याच्या

"मौसी, देण्याघेण्याच्या दाखवू, का घरच्या?" गुलमंडीतल्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या ओवैसनं विचारलं.

लक्ष्मीबाई तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची धाकटी जाऊ गयाबाई बोलून मोकळी झाली. "देण्याघेण्याच्या. एकशे वीस काढा."

लग्न लक्ष्मीबाईंच्या मुलाचं, विश्वजीतचं. पैसेही लक्ष्मीबाईंचे, मुकुंदवाडीत सहा वर्षं डबे करून बाजूला टाकलेले साठ हजार. पण हुकूम गयाबाईंचा. कुणाच्या लग्नात काय दिलं, कुणी हात आखडता घेतला, ही बातमी त्यांच्या तोंडून निघायची आणि दिवस मावळायच्या आत वैजापूरची सगळी भावकी फिरून यायची. म्हणून तर त्या सकाळच्या एस.टी.नं मुद्दाम आल्या होत्या.

ओवैसनं गठ्ठा सोडला. चकचकीत, सळसळत्या, पाचशेला एक. "लग्नाला हाच माल जातो, मौसी."

"छान हायेत की!" गयाबाई मांडीवरची जांभळी पिशवी सावरत म्हणाल्या. "बांधा, भाऊ."

लक्ष्मीबाईंनी एक साडी उचलून बोटांत चोळली. अशा अकरा त्यांच्या ट्रंकेत पडून होत्या. ना कुणी घडी मोडलेली, ना कुणी फॉल लावलेला. वर्षाला दोन यायच्या, दोन पुढं जायच्या. नेसायचं कुणी नाही अन् थांबवायचंही कुणी नाही, आता बोला!

"भाऊ, ही साडी नेसतं कोण हो?"

ओवैस हसला. "नेसायला कोण घेतं, मौसी? देण्याघेण्याची आहे ना!"

लक्ष्मीबाईंना एकदम संतापच आला. सहा वर्षं पहाटे उठून लाटलेल्या पोळ्या, आणि त्यांचे पैसे जाणार एकशे वीस ट्रंकांत.

"गया, ही हिरवी तुला घेते."

"मला?" गयाबाईंचा चेहरा पडला. "अवो, मी घरची ना! मला घरची घ्या. असल्या लई पडल्यात माझ्याकडं."

बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"व्हय, दिसतंय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "ही पिशवी माझ्या तनुजाच्या लग्नात दिलेल्या साडीची शिवलीय ना?"

गयाबाईंनी पिशवीकडं पाहिलं. पदरानं झाकायचा प्रयत्न केला, पण पिशवी मोठी होती.

"पिशवी मातर लई टिकली, जाऊबाई. चेन बी बसवलीय."

ओवैसनं हसू लपवायला मान खाली घातली. लक्ष्मीबाई हसल्या नाहीत.

"मला एकशे वीस पिशव्या नाय वाटायच्या. भाऊ, उचला हा गठ्ठा. घरच्या दाखवा. दीड हजारवाल्या, चाळीस."

"चाळीस?" गयाबाई ओरडल्या. "अन् बाकीच्या ऐंशी जणी?"

"त्यांना जेवायला बोलावलंय. पोटभर वाढीन, माझ्या हातानं."

"अवो, नाक कापून घेताय भावकीत! वरचे पैसे काढा कुठून तरी. एकदाच तर लग्न हाय."

"साठ हजाराच्या वर रुपाया नाय. ना माझा, ना कुणाचा. अन् भावकी काय म्हणंल ते दर लग्नात तूच सांगत फिरतीस की. आताच सांग, मोकळी हो."

ऐंशी घरांत आपलं नाव निघणार, हे लक्ष्मीबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण आवाज हलला नाही.

ओवैसनं नवा गठ्ठा सोडला. अंगाला बरा वाटेल असा मऊ कपडा, नाजूक काठ. लक्ष्मीबाई सरळ निवडायला बसल्या. "ही शेवंताला, दिवसभर उन्हात असती. ही शेजारच्या हसीनाला, डब्याच्या घाईत कितीदा धावून आलीय. ही सोनियाला, तिला पिवळा शोभतो."

सात-आठ साड्या बाजूला पडल्या तशा गयाबाई हळूच पुढं सरकल्या. एका मोरपंखी साडीवर त्यांचा हात थांबला.

"मला शोभंल का हो?"

"अंगावर घे, बघ."

गयाबाईंनी पदर खांद्यावर टाकला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. ओवैसही घाई करेना.

"एवढ्या लग्नांत माझा रंग बघून साडी कुणी दिली नव्हती," त्या म्हणाल्या. मग नाक ओढून गादीवर येऊन बसल्या, आणि पुढच्या बत्तीस साड्यांत लक्ष्मीबाईंना बोलायला जागा मिळाली नाही. ह्या साडीला हा काठ नको, त्या सुनेला फिका रंग नको, अमकीला सुतीच हवी.

बिल झालं. साठ हजार, वर काही नाही. ओवैस साड्या बांधायला लागला तशी गयाबाईंनी आपली मोरपंखी मधूनच काढून घेतली.

"हिला फॉल मी घरीच लावते. हळदीलाच नेसणार."

त्यांनी साडी त्या जांभळ्या पिशवीत ठेवली आणि चेन ओढली.

"अन् कुणी नावं ठेवली तर माझ्याकडं धाडा, जाऊबाई. म्हणावं, आधी तुझी ट्रंक उघड."