सतराचे गुलाब

दोनशे वर्षांच्या आमच्या कारखान्यात चिनीमातीच्या कपाखाली रंगवणारीचा नंबर असतो. ती निवृत्त झाली की तोच नंबर नव्या बाईला मिळतो. मला गेनोवेफाबाईंचा सतरा मिळाला, आणि त्यासोबत तीस वर्षं टोमणे: "सतराचे गुलाब पूर्वीसारखे राहिले नाहीत." परवा वर्धापनदिनी वॉर्साहून आलेल्या पाहुण्यांनी संग्रहातला सर्वांत देखणा कप निवडला. खाली नंबर सतरा होता. सगळ्यांनी तो गेनोवेफाबाईंच्या हातात दिला. टाळ्या वाजल्या आणि माझा जळफळाट झाला. "नव्वदीतही मिरवून घ्या," मी त्यांच्या कानाशी पुटपुटले. बाईंनी गुलाबावरून बोट फिरवलं. "हा तुझा आहे, पोरी. मी गुलाबाला काटे कधी रंगवलेच नाहीत. दुकानात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मत्सराने जळून खाक झाले होते मी." माझं डोकंच फिरलं. "मग सांगा ना सगळ्यांना." त्यांनी कप छातीशी घट्ट धरला. "मी मेल्यावर सांग."