तीन नोंदीला, सहा शोधाला

सकाळी साडेदहाला शोधयंत्रणेनं मान टाकली. पुरातून सुटून छावण्यांत पोचलेल्यांची नावं तिच्यात होती, आणि लाखभर माणसं एकाच वेळी आपापलं माणूस शोधत होती. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

"नव्या नोंदी बंद करा," विभागप्रमुख म्हणाले. "आधी लोकांना शोधू तरी द्या."

खुर्चीवरची ताई, वयानं मोठी म्हणून अख्ख्या कचेरीची ताई, मागे वळलीही नाही. "छावण्यांतून मिनिटाला हजारभर नावं येतायत, सर. ती थांबवली तर लोक शोधणार काय? कालचीच यादी?"



नऊ सर्व्हर होते. प्रत्येक जण नवी नावं लिहूनही घेत होता आणि विचारणाऱ्याला उत्तरही देत होता. दोन्हींत त्यांची दमछाक झाली होती. ताईनं कामाची वाटणी करायला घेतली. तीन फक्त नोंदीला, सहा फक्त शोधाला. नवी नावं सेकंदासेकंदाला न सोडता दर अर्ध्या मिनिटानं एकगठ्ठा शोधाच्या सहांकडे धाडायची. पण ही हलवाहलव म्हणजेही ओझंच. घाई केली तर उरलंसुरलंही कोसळणार.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. एका वेळी एकच सर्व्हर हलवणार."

प्रमुखांचा फोन वाजला. वरिष्ठांचा, तिसऱ्यांदा. "वीस मिनिटं लागतील," ते म्हणाले. पलीकडचा आवाज चढला. "हो. जबाबदारी माझी." फोन ठेवून ते ताईच्या मागे उभे राहिले. तांदूळ निवडायला बसावं तशी ती बसली होती. एक झाला की दुसरा. मध्ये शब्द नाही.

सातव्याला पडद्यावरच्या भाराच्या आलेखाची रेघ एकदम वर चढली. ताईची बोटं हवेतच थांबली. तिनं काहीच केलं नाही. तसं काहीच न करणं आपल्याला जमलं नसतं, हे प्रमुखांना कळलं. रेघ हळूहळू खाली बसली. मग आठवा. मग नववा.

अकराच्या आत नाव टाकताच उत्तर येऊ लागलं. खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. दोघातिघांनी उठून पाणी प्यायलं.

ताईनं शोधाची चौकट उघडली आणि एक नाव टाकलं. उत्तर लगेच आलं: शाळेतली छावणी, प्रकृती ठीक, नोंद सकाळी आठची. तिनं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिली.

"कोण?" प्रमुखांनी हळूच विचारलं.

"धाकटा भाऊ."

"आठची नोंद आहे, ताई. सकाळीच बघायचं होतंत. एका नावानं असं काय ओझं झालं असतं?"

"लाखभर जण तेच म्हणत होते, सर."