लिटरला सतरा

गुरुदासची पर्यटकांसाठीची हायब्रीड कार लिटरला जेमतेम सतरा किलोमीटर चालायची. ड्रायव्हर बाबली पेट्रोल चोरतो, असा त्याला संशय होता. रोज डिकी उघडून तो कॅन शोधायचा. कधी सापडला नाही, तरी महिन्याच्या पाच तारखेला त्याने बाबलीला कामावरून काढलं. नवा ड्रायव्हर आला आणि ॲव्हरेज तेवीसवर गेलं.

"बघलंस गो? चोर गेलो नि गाडी सुधारली," गुरुदास बायकोला म्हणाला.

पुढच्या सर्व्हिसिंगला तो स्वतः गाडी घेऊन कुडाळला गेला. मॅनेजरने विचारलं, "गेल्या महिन्यात चार तारखेला सॉफ्टवेअर अपडेट केलं, आता पेट्रोल कमी लागतं ना?"

"अपडेट? कोणी सांगितलं होतं?"

"तुमच्या बाबलीने. तीनदा येऊन मागे लागला होता. म्हणायचा, गाडी नीट करा, नायतर मालक माका चोर समजतले."