कुलूप नसलेली होडी

“कुलूप हा माणसानं माणसाचा केलेला सगळ्यांत जुना अपमान आहे,” असं चंद्रमौलीराव म्हणाले आणि कुंभकोणम स्टेशनच्या स्टँडवर स्कूटरला त्यांनी दुसरं कुलूप घातलं. पहिल्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

“मग गेमला एक तरी घाला,” पवित्राबाई म्हणाल्या. त्यांना कॉलेजला शिकवायला जायचं होतं, पण नवऱ्याला गाडीत बसवल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“स्कूटर माझी आहे. गेम घेणाऱ्याचा.”

चेन्नईची नोकरी सोडून चंद्रमौलीरावांनी घरच्या मागल्या खोलीत कॉम्प्युटरवरचा एक गेम केला होता. त्यात मारामारी नव्हती, गुण नव्हते, हारजीतही नव्हती. संध्याकाळची नदी, केळीच्या सोपटाची होडी आणि तिच्यात एक दिवा. खेळणाऱ्यानं ती सोडायची आणि जाईल तिथं तिच्यासोबत जायचं. दिवा डावीकडे कलला होता. ती चूक होती, पण दुरुस्त करायला बसले आणि हात चालेना. बासरीवरची धूनही त्यांचीच. स्वतःच्या वेबसाइटवरून ते तो विकत. एकदा घ्या, कुठल्याही कॉम्प्युटरवर घाला, खातं नको, पासवर्ड नको, कुणाला विचारायला नको.

आता एका बड्या ऑनलाइन दुकानानं गेम मागितला होता. लाखो लोक खेळतील म्हणाले. फक्त प्रत्येकानं दर वेळी त्यांच्या दारातून आत यायचं आणि किल्ली त्यांच्याकडे राहायची. होय की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

“उद्या ते दुकान बसलं तर? लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम गेला वाऱ्यावर. पुस्तकवाला कधी घरी येऊन कपाटातलं पुस्तक परत नेतो काय?”

“पुस्तकं खपतात तरी.”

हे खरं होतं. अख्ख्या वर्षात गेम एकानंच घेतला होता. जवळच्याच आडुतुरै गावचा कुणी गिरिधर. नाव वाचून आपल्यासारखाच इकडचा मराठी माणूस दिसतो म्हणून चंद्रमौलीरावांना दुप्पट आनंद झाला. त्यानं कळवलं होतं, “कुलूप नाही, म्हणूनच घेतला. तुमच्यासारखी माणसं हवीत.” हे वाक्य चंद्रमौलीराव अंघोळ करताना म्हणत असत.

“अहो, कुलूप नसलं की चोर येतात.”

“कुठला चोर? एकच माणूस आला, तोही पैसे देऊन. त्यालाच विचारायला निघालोय. गिरिधर म्हणाला कुलूप घाला, तर संध्याकाळी सही करतो. शब्द!”

“शब्द?”

“शब्द.”

पवित्राबाईंनी त्यांना गाडीत बसवलं, दहीभाताचा डबा हातात ठेवला आणि त्या गेल्या.

गाडी सुटली. दोन्हीकडे भाताची खाचरं, त्यांत आभाळ साचलेलं. चंद्रमौलीरावांचे डोळे मिटले. पाणी हळूहळू डब्यात शिरलं, बाकं तरंगू लागली आणि कुठून तरी त्यांचीच धून ऐकू आली. ते दचकून जागे झाले. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बोटांनी खिडकीवर ताल धरत होते, अगदी त्याच लयीत. स्वप्न अजून उतरलं नाही, असं समजून चंद्रमौलीरावांनी पुन्हा डोळे मिटले.

आडुतुरैला गाडीतून उतरले तरी स्वप्न उतरेना. चहावाला किटली कलती करताना तीच ओळ गुणगुणत होता. पुढच्या गल्लीत एका दारापुढं कोलम काढलेलं, रांगोळीच्या शुभ्र रेघांत एक होडी आणि दिवा. दिवा डावीकडे कललेला. चंद्रमौलीराव तिथं बराच वेळ उभे राहिले. कावेरीकाठच्या माणसांना एकच स्वप्न पडत असलं पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना भरून आलं.

गिरिधरचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान निघालं. बोर्ड नवा, आत एसीही नवा. नाव सांगताच तो तमिळ सोडून मराठीवर आला आणि वाकून पायाच पडला.

“अण्णा! तुम्ही? बसा, बसा. काफी मागवतो.”

“गेम आवडला का?”

“आवडला? तुमच्या होडीनं आम्हाला तारलं, अण्णा. घरात रोज तुमचं नाव निघतं.”

चंद्रमौलीरावांनी चष्मा पुसला. “रोज खेळता?”

“मला कुठला वेळ? बायको खेळते.”

केसांत मोगरा माळलेली एक बाई काउंटरपाशी आली. तिच्या हातात पेन ड्राइव्ह होता. गिरिधरनं तिला खुणेनंच थांबवलं. “फोटोच्या प्रिंट,” तो म्हणाला. तिच्या मागं आणखी दोघं उभी राहिली. गावात फोटोंची बरीच हौस दिसत होती.

“धंदा बरा चाललाय.”

“तिरुक्करुगावूरच्या देवीअम्मेची कृपा. आणि तुमची.”

“माझी कसली?”

“असं म्हणू नका, अण्णा.”

काफी आली. टंबलरातून डवऱ्याच्या वाटीत, वाटीतून पुन्हा टंबलरात ती ओतत चंद्रमौलीरावांनी सगळं सांगितलं. बडं दुकान, त्यांचं दार, त्यांची किल्ली, आजची संध्याकाळ.

“माझ्या अवघ्या गिऱ्हाइकांत तुम्ही एकटे. तुम्ही सांगाल ते मी करीन.”

गिरिधरनं काउंटरपुढची रांग पाहिली. मग उठून काचेचं दार लावून घेतलं आणि हात जोडले.

“लहान तोंडी मोठा घास घेतोय, अण्णा, पण एवढं एक कराच. गेमला एक कुलूप घाला. माझ्याकडून एक जण विकत नेतो आणि गल्लीभर फुकट वाटतो हो.”