गोदूबाईचा उजवा हात

“उजवा हात वर करा,” डॉक्टर म्हणाले.

गोदूबाईने खांदा जरासा हलवला आणि हात मांडीवर तसाच पडू दिला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्यात हा हात गेला, तेव्हा ठाण्याच्या याच सरकारी दवाखान्यात तिला अपंगत्वाचा दाखला मिळाला होता. त्यावर पेन्शन सुरू झालं. आता दाखल्याची मुदत संपली होती. ती वाढवून घ्यायला सून शकू तिला घेऊन आली होती.

पण गेले काही महिने हातात जीव येत होता. घरात कुणी नसलं की गोदूबाई त्या हाताने पेला उचलून बघायची. बोलली मात्र कुणाला नाही. कोळीवाड्यातलं घर शकूच्या मासळीच्या पाटीवर चालायचं आणि नात प्राप्तीच्या क्लासची फी या पेन्शनमधून जायची. बसून खाणाऱ्या बाईने निदान एवढं तरी घरात आणावं, असं तिला वाटे.

“मूठ वळते का?”

“नाय वो, डाक्टर. कायच होत नाय.”

“होते,” मागून शकू म्हणाली.

गोदूबाईने वळून सुनेकडे पाहिलं.

“रोज तेल लावून चोळते मी तो हात,” शकू डॉक्टरांना सांगत होती. “आधी नुसता लाकडासारखा होता. दिवाळीपासून यांची बोटं माझी बोटं धरायला लागलीत. आई आपणहून कधी सांगतात, त्याचीच वाट बघत होते.”

गोदूबाईने खाली मान घालून हात वर केला. खांद्याच्याही वर गेला तो.

डॉक्टरांनी मनगट, कोपर, बोटं, सगळं तपासलं. “अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली येतंय. पेन्शन पुढे चालू राहणार नाही.”

“चालेल,” शकू म्हणाली.

दोघी बाहेर आल्या. गोदूबाईच्याने राहवेना. “रागावलीस गं? प्राप्तीच्या फीसाठी केलं मी.”

“फीचं बघू आपण. उद्या सकाळी माझ्यासोबत कोलंबी सोलायला बसा. नौपाड्यातल्या बायका सोललेलीच मागतात आणि मला एकटीला काय ते उरकत नाय.”

गोदूबाई फाटकातच थांबली. तिला एकदम हसू फुटलं. दोन वर्षांत घरातल्या कुणी तिला पहिल्यांदाच काम सांगितलं होतं.